साडेसात की साडेआठ? वृद्धाश्रमातल्या कमी ऐकू येणाऱ्या आजी-आजोबांबद्दल

मे महिन्यातली दुपार. नागपूरच्या एका वृद्धाश्रमाचा मोठा हॉल. खिडकीत लोखंडी कूलर पूर्ण वेगात, वर दोन पंखे, कोपऱ्यात टीव्ही. खाली गुळगुळीत फरशी, भिंती उघड्या. कामावरची मावशी दारातूनच ओरडली, "आजी, गोळी साडेसातला घ्यायची हं!" आजींनी मान हलवली. थोड्या वेळानं मी त्यांच्या शेजारी बसून विचारलं, "गोळी किती वाजता घ्यायची?" त्या म्हणाल्या, "साडेआठले."

आश्रमाच्या वहीत त्यांच्या नावापुढे लिहिलं होतं, 'विसरतात. सांगितलेलं लक्षात राहत नाही.'

मी श्रवणतज्ज्ञ आहे, म्हणजे ऐकण्याची तपासणी करणं आणि कानाचं मशीन बसवून देणं हे माझं काम. त्या दिवशी आजींचे कान तपासले. उजव्या कानात मळाचा घट्ट खडा होता, आणि दोन्ही कानांचं ऐकणं वयामानानं बरंच उतरलेलं होतं. एखादी गोष्ट विसरायला आधी ती ऐकू यावी लागते. आजींपर्यंत ती पोचलेलीच नव्हती.

हा लेख वृद्धाश्रमात काम करणाऱ्या मावश्या, ताई-दादा, व्यवस्थापक आणि ज्यांचं कुणी तिथे राहतं अशा घरच्यांसाठी आहे. जागतिक आरोग्य संघटनेच्या आकडेवारीनुसार साठी ओलांडलेल्यांपैकी २५ टक्क्यांहून अधिक लोकांना रोजच्या जगण्यात अडचण येईल इतकं कमी ऐकू येतं. आश्रमात तर बहुतेक जण पंचाहत्तरी-ऐंशीचे असतात, त्यामुळे तिथे हा प्रश्न एखाद-दुसऱ्याचा नसतो. अर्ध्या हॉलचा असतो.

'सात'चा 'आठ' कसा होतो

बहुतेकांना वाटतं की कमी ऐकू येणं म्हणजे रेडिओचा आवाज बारीक केल्यासारखं, म्हणून आपण मोठ्यानं बोलतो. वयामुळे येणाऱ्या बहिरेपणात तसं होत नाही.

आपल्या बोलण्यात दोन थर असतात. आ, ऊ, ओ हे स्वर जाड, खालच्या पट्टीतले आणि जोरकस. स, श, ख, थ, फ, त, क ही व्यंजनं बारीक, वरच्या पट्टीतली आणि हलकी. आवाज भरदार वाटतो तो स्वरांमुळे, पण शब्द ओळखू येतो तो व्यंजनांमुळे. आतल्या कानात गोगलगायीच्या शंखासारखा एक अवयव असतो. त्यात जन्मतः साधारण १५ हजार नाजूक केसपेशी असतात. शंखाच्या तोंडाशी असलेल्या पेशी वरच्या पट्टीचे आवाज टिपतात, आणि वय वाढलं की आधी त्याच झिजतात. माणसाच्या शरीरात त्या पुन्हा उगवत नाहीत.

आता 'सात' हा शब्द घ्या. त्यातला 'स' काढला की उरतं 'आत', त्यातलाही 'त' अंधुक. 'आठ'मधला 'ठ' अंधुक झाला की तेच उरतं. म्हणून साडेसात आणि साडेआठ त्या आजींच्या कानाला एकच. साठ आणि आठ, ताट आणि खाट, ताप आणि काप यांचंही तसंच. "ऐकू येतं गं, पण समजत नाही," असं किती आजी म्हणतात! त्यांचं म्हणणं अक्षरशः खरं आहे, स्वर पोचतात आणि व्यंजनं वाटेत गळतात. गंमत म्हणजे रोजच्या आरतीला त्याच आजी न चुकता टाळ्या धरतात, शब्दाला शब्द म्हणतात. कारण तिथले शब्द पाठ असतात, अर्धं ऐकलं तरी उरलेलं डोकं भरून काढतं. तेच पाहून एखादी मावशी म्हणते, "आरती बरी ऐकू येते यांना, मग मी बोलते ते का नाही?" असं मनात आलं की गळणारी व्यंजनं आठवावीत. आजी नाटक करत नसतात.

आणखी एक गोष्ट घरच्यांना फार लागते. आपण एकदा बोलतो, ऐकू येत नाही. दुसऱ्यांदा मोठ्यानं बोलतो, तर आजोबा चिडतात, "कायले ओरडून राह्यली? मी काय बहिरा आहो?" हा स्वभाव नव्हे. केसपेशी झिजल्या की बारीक आवाज ऐकू येईनासे होतात, पण मोठ्या आवाजाचा त्रास पूर्वीइतकाच, कधी पूर्वीपेक्षा जास्त होतो. 'ऐकू येत नाही' आणि 'सहन होत नाही' यांच्यामधली जागा अरुंद होऊन जाते. ओरडून बोललेलं त्या जागेच्या पलीकडे पडतं. शिवाय ओरडताना आपण स्वरच लांबवतो, व्यंजनं आणखी दबतात, ओठ वेडेवाकडे होतात आणि चेहरा रागावलेला दिसतो. म्हाताऱ्या माणसाला शब्द कळत नाहीत, राग मात्र कळतो.

कूलरचा प्रश्न

नागपूरबाहेरच्या लेखांमध्ये हे सापडणार नाही, म्हणून इथे जरा थांबते. मार्च संपता संपता आपल्याकडे कूलर खाली उतरतात, त्यांना नवा वाळा लागतो आणि पुढचे तीनेक महिने ते दिवसरात्र चालतात. पारा ४५ च्या वर जातो तेव्हा, त्यातही नवतप्यात, म्हणजे मेअखेरच्या सगळ्यात तापलेल्या नऊ दिवसांत, ऐंशी वर्षांच्या माणसाला कूलरशिवाय ठेवणं धोक्याचंच आहे. पण त्याच तीन महिन्यांत आश्रमातले तक्रारींचे सूर वाढतात: आजोबा ऐकत नाहीत, आजी भलतंच उत्तर देतात, दोघी शेजारणींचं बोलणं बंद झालं.

साधं बोलणं एक मीटरवरून ६० डेसिबलच्या आसपास असतं. मोठा लोखंडी कूलर जवळ असेल तर त्याचा आवाजही सहज तिथवर जातो. तरुण कान त्या घुरघुरीतून बोलणं वेगळं काढू शकतो, म्हातारा कान नाही. त्यात गुळगुळीत फरशीवरून आणि उघड्या भिंतींवरून आवाज परत फिरतो, एक शब्द संपायच्या आत आधीच्याचा घुमारा त्यावर चढतो.

उपाय कूलर बंद करण्यात नाही. महत्त्वाचं बोलायच्या वेळी, म्हणजे औषधं सांगताना, डॉक्टर येतात तेव्हा, घरचे भेटायला येतात तेव्हा, पाच-दहा मिनिटं कूलर सगळ्यात कमी वेगावर आणावा आणि टीव्ही बंद करावा. भेटीसाठी हॉलचा कूलरपासून लांबचा कोपरा ठरवून टाकावा. कूलरचा पंखा खडखडत असेल, स्टँड हलत असेल तर हंगामाच्या सुरुवातीला दुरुस्त करून घ्यावा. खिडकीत तो बसतो तिथे खाली रबराचे तुकडे ठेवले तरी थरथर कमी होते. जाड पडदे, भिंतीला लावलेली सतरंजी, टेबलावर कापड, यांनी घुमारा मरतो. माझ्या अनुभवात हॉलमध्ये दोन जुन्या सतरंज्या भिंतीवर टांगल्यावर जो फरक पडला, तो पाहून व्यवस्थापकांनी जेवणाच्या खोलीतही तेच केलं. जेवणाच्या खोलीतला स्टीलच्या ताटांचा खणखणाट हा मशीन लावणाऱ्यांना सगळ्यात जास्त छळतो. ताटं ओतल्यासारखी न टाकता रचून ठेवली तरी जेवताना चार शब्द बोलता येतात.

बोलायचं कसं

पहिली गोष्ट अंतराची. मोकळ्या जागेत अंतर निम्मं केलं की कानाशी पोचणारा आवाज साधारण ६ डेसिबलनं वाढतो. चार मीटरवरून एक मीटरवर आलात तर १२ डेसिबल, तेही घसा न ताणता. दारातून हाक मारण्यापेक्षा दहा पावलं चालून जाणं म्हणूनच फायद्याचं.

समोर बसा, डोळ्यांच्या पातळीवर. उजेड तुमच्या चेहऱ्यावर पडू द्या. खिडकीकडे पाठ करून उभे राहिलात तर चेहरा काळा दिसतो आणि ओठ दिसत नाहीत. कमी ऐकणारा प्रत्येक माणूस नकळत ओठ वाचत असतो, म्हणून त्यांचा चष्मा पुसलेला असणं हासुद्धा ऐकण्याचाच भाग आहे. आधी नाव घ्या, हात हलकेच धरा, त्यांनी पाहिलं की मग बोला. मागून येऊन खांद्यावर हात ठेवला तर माणूस दचकतो, आणि या वयात दचकून तोल जाणं परवडत नाही. रात्री उठवताना आधी दिवा लावा. मशीन काढून झोपलेल्या माणसाला अंधारात तुम्ही दिसतही नाही, ऐकूही येत नाही.

शब्द तोडून-तोडून बोलू नका, नेहमीच्या लयीत पण जरा सावकाश बोला आणि वाक्याच्या शेवटी थांबा. एकच शब्द तीनदा सांगूनही पोचला नाही तर तो बदला. 'साडेसात' कळत नसेल तर "दिवेलागणीला, जेवणाच्या आधी" म्हणा, बोटांनी सात दाखवा. विषय आधी सांगा: "आजी, औषधाबद्दल बोलते." विषय कळला की डोकं पुढचे शब्द ओळखायला तयार होतं. वाचता येणाऱ्यांसाठी उशाशी पाटी-पेन्सिल ठेवा. ही साधी पाटी मला सर्वात आवडणारं साधन आहे, तिला सेल लागत नाही. बोललेलं मराठीत लिहून दाखवणारी मोबाइलची अ‍ॅपही आता चांगली झाली आहेत. नातवंडं भेटीला आली की ती चटकन लावून देतात.

मान हलवली म्हणजे कळलं असं समजू नका. कमी ऐकणारी माणसं वर्षानुवर्षं 'हो हो' म्हणून वेळ मारून नेत असतात, पुन्हा पुन्हा विचारायची त्यांना लाज वाटते. "कळलं का?" असं विचारलं की उत्तर 'हो'च येणार. त्याऐवजी विचारा, "मग गोळी कधी घेणार?" डॉक्टर तपासायला आले की ते आजींना सोडून मावशीलाच विचारू लागतात, असंही मी नेहमी पाहते. त्या वेळी मावशीनं एवढंच म्हणावं, "डॉक्टर, त्यांनाच विचारा, या बाजूनं त्यांना ऐकू येतं."

आणि दोन शब्द आपल्या तोंडून कायमचे गेले पाहिजेत: 'जाऊ दे.' सगळे हसतात, आजोबा विचारतात, "काय झालं रे?" आणि कुणीतरी म्हणतं, "काही नाही, जाऊ दे." एका आजोबांनी मला सांगितलं होतं, "बाई, मले न ऐकू आल्याचं दुःख नाही. 'जाऊ दे' म्हणतात ना, त्याचं आहे." दोन मिनिटं लागली तरी चालतील, तो विनोद पुन्हा सांगा.

आधी मळ पाहा

महागड्या मशीनच्या आधी डॉक्टरांकडून दोन्ही कान तपासून घ्या. म्हातारपणी मळ कोरडा आणि घट्ट होतो, तो आपोआप बाहेर सरकत नाही. मशीनचा साचा कानात बसवल्यामुळेही तो आत ढकलला जातो. कान पूर्ण बंद झाला तर आधीच कमी असलेलं ऐकणं आणखी घसरतं, आणि ते पाच मिनिटांत परत येण्यासारखं असतं. कापसाच्या काड्या, हेअरपिन, किल्ली, कोमट तेल, काहीही घालू नका. काडी मळ काढत नाही, दाबते. पडद्याला भोक असेल तर तेल आत जाऊन कान पिकतो. डॉक्टरांनी दिलेले मळ मऊ करणारे थेंब आणि मग त्यांच्याच हातून सफाई, एवढा साधा रस्ता आहे. वर्षातून दोनदा कान-नाक-घसा डॉक्टरांना आश्रमात बोलावून सगळ्यांचे कान पाहून घेतले तर मोठं काम होतं.

एक धोक्याची खूण मात्र लक्षात ठेवा. एखाद्याचं ऐकणं, विशेषतः एका कानाचं, अचानक एक-दोन दिवसांत गेलं तर ते 'वय झालं' म्हणून सोडू नका. त्याच दिवशी डॉक्टरांकडे न्या. त्यावर औषध असतं, पण ते पहिल्या काही दिवसांतच कामी येतं.

मशीन कपाटात का जातं

मला सगळ्यात जास्त वाईट वाटतं ते आश्रमाच्या कपाटातला खण उघडल्यावर. नावं नसलेली मशीनं, सेल गळून हिरवे झालेले, साचे एकमेकांत मिसळलेले. कुणीतरी पैसे खर्च केले, कुणीतरी शिबिरात रांग लावली, आणि आजी तशाच बसून आहेत.

पहिलं कारण अपेक्षेचं. चष्मा घातला की लगेच दिसतं, तसं मशीनचं होत नाही. अनेक वर्षं मेंदूला भांड्यांचा आवाज, पावलांचा आवाज, स्वतःच्या चघळण्याचा आवाज ऐकायची सवय राहिलेली नसते. मशीन लावल्याबरोबर ते सगळे एकदम अंगावर येतात. मग आजी म्हणतात, "नुसता गोंगाट होऊन राह्यला," आणि काढून ठेवतात. सुरुवातीला शांत खोलीत, एकाच माणसाशी बोलताना, रोज तास-दोन तास लावावं आणि आठवड्याआठवड्यानं वेळ वाढवावा. सवय व्हायला काही आठवडे, कधी दोन-तीन महिने लागतात. या काळात मशीनमधला आवाज दोन-तीनदा पुन्हा जुळवून घ्यावा लागतो. एकदा देऊन विसरलं जाणारं मशीन म्हणूनच वाया जातं.

दुसरं कारण हातांचं. थरथरणाऱ्या, संधिवातानं आखडलेल्या बोटांना बारीक सेल बदलता येत नाही. अशा वेळी कानात जाणाऱ्या छोट्या देखण्या मशीनपेक्षा कानामागचं मोठं मशीन किंवा खिशातलं वायरचं मशीन बरं. दिसायला ते चांगलं वाटत नाही म्हणून घरचे नको म्हणतात. मी म्हणते, ज्यांना वापरायचं त्यांच्या बोटांना विचारा.

रोजची देखभाल अवघड नाही. लाल खूण उजव्या कानाची, निळी डाव्या कानाची. सकाळी दात घासणं, चष्मा आणि मशीन हे एकाच वेळी. साचा कोरड्या कापडानं पुसायचा, भोकात मळ अडकला असेल तर सोबत मिळालेल्या ब्रशनं काढायचा. मशीन मुठीत धरलं की शिट्टी वाजली पाहिजे, वाजली नाही तर आधी सेल संपला आहे का ते पाहायचं. कानात घातल्यावर मात्र शिट्टी वाजत राहिली तर साचा नीट बसलेला नाही, किंवा कानात मळ आहे. बारीक गोल सेल हवेवर चालतात. त्यांच्यावरचं रंगीत स्टिकर काढलं की हवा आत जाते आणि सेल सुरू होतो. म्हणून स्टिकर काढल्यावर एक-दोन मिनिटं थांबून मग सेल बसवावा, आणि वापरायचा नसेल तर स्टिकर काढूच नये. स्टिकर परत चिकटवून सेल वाचत नाही. असे सेल गिळले गेले तर धोका असतो, म्हणून गोळ्यांच्या डबीशेजारी कधीही ठेवू नका.

आपल्या उन्हाळ्यात घाम आणि कूलरची दमट हवा दोन्ही मशीनला बाधतात, नळीत पाण्याचे थेंब धरतात. रात्री सेलचं दार उघडं ठेवून, ओल शोषणाऱ्या पुड्या घातलेल्या झाकणाच्या डबीत मशीन ठेवावं. खिडकीत उन्हात ठेवू नये. डबीवर नाव, मशीनवर नावाची पट्टी. चादरी धुवायला टाकण्याआधी झटकून पाहायच्या. हरवलेली मशीनं बहुतेक तिथेच सापडतात.

पैसे आणि कुठे जायचं

मशीनची किंमत काही हजारांपासून काही लाखांपर्यंत असते, आणि महाग म्हणजे त्या आजींना योग्य, असं गणित नाही. आधी ऐकण्याची पूर्ण तपासणी व्हायला हवी. शांत खोलीत, वेगवेगळ्या पट्टीचे आवाज ऐकवून त्याचा आलेख काढतात. नागपुरात मेडिकल आणि मेयो या दोन्ही सरकारी रुग्णालयांत आणि मिहानमधल्या एम्समध्ये कान-नाक-घसा विभाग आहेत. खासगीत जाणार असाल तर तपासणारी व्यक्ती भारतीय पुनर्वास परिषदेकडे नोंदणीकृत आहे का, हे विचारून घ्या. आलेख न काढता मशीन विकणाऱ्याकडून घेऊ नका.

केंद्र सरकारच्या २०१७ मध्ये सुरू झालेल्या राष्ट्रीय वयोश्री योजनेत साठ वर्षांवरच्या, दारिद्र्यरेषेखालच्या किंवा महिन्याला १५ हजारांपर्यंत उत्पन्न असलेल्या ज्येष्ठांना मोफत साधनं मिळतात, त्यात श्रवणयंत्र आहे. राज्याच्या मुख्यमंत्री वयोश्री योजनेत ६५ वर्षं पूर्ण झालेल्या आणि कुटुंबाचं वार्षिक उत्पन्न दोन लाखांच्या आत असलेल्यांना अशा साधनांसाठी एकदाच ३ हजार रुपये बँक खात्यात देण्याची तरतूद आहे. माहितीसाठी ज्येष्ठांची हेल्पलाइन आहे, १४५६७. शिबिरातून मशीन मिळालं तर ते घेऊन एकदा श्रवणतज्ज्ञाकडे जाऊन आलेखाप्रमाणे जुळवून घ्या, नाहीतर तेही त्याच खणात जातं.

विसराळूपणाचं काय

'लॅन्सेट' या वैद्यकीय नियतकालिकाच्या आयोगानं २०२४ मध्ये स्मृतिभ्रंशाची टाळता येण्याजोगी १४ कारणं मांडली. कमी ऐकू येणं त्यातलं एक मोठं कारण आहे. पण मशीन लावलं की विसराळूपणा थांबतो, असं कुणी सांगत असेल तर सावध राहा. अमेरिकेत सत्तरी ओलांडलेल्या ९७७ जणांवर तीन वर्षं झालेल्या एका अभ्यासाचा निष्कर्ष २०२३ मध्ये आला. सगळ्यांचा मिळून विचार केला तर मशीनमुळे फरक दिसला नाही. मात्र ज्यांना धोका आधीच जास्त होता, त्यांच्या गटात बुद्धीची घसरण ४८ टक्क्यांनी मंदावली. आश्रमातली बरीच माणसं या दुसऱ्या गटाच्या जवळची असतात, म्हणून प्रयत्न करण्यासारखा आहे. आणि स्मृतीची चाचणी घेण्याआधी कान तपासलेच पाहिजेत. पाच शब्द लक्षात ठेवा असं सांगितलं आणि त्यातले तीनच पोचले, तर त्या चाचणीला काय अर्थ राहिला?

आश्रमात हे तपासायची एक सोपी रीत आहे. हाताच्या अंतरावर मागे उभं राहायचं, त्यांचा दुसरा कान बोटानं हलकेच दाबून चोळत राहायचं, आणि कुजबुजत तीन गोष्टी सांगायच्या: "चार, क, दोन." त्यांनी परत म्हणून दाखवायच्या. निम्म्याहून कमी जमलं तर त्या माणसाला तपासणीला पाठवायचं. नव्यानं दाखल होणाऱ्या प्रत्येकासाठी हे करायला दहा मिनिटंही लागत नाहीत.

सुरुवातीला सांगितलेल्या आजींचा मळ निघाला, मग मेडिकलमध्ये आलेख झाला, मग डाव्या कानाला मशीन बसलं. पहिले पंधरा दिवस त्यांनी ते चार वेळा काढून उशीखाली ठेवलं, आणि मावशींनी चार वेळा परत लावलं. आता वहीत त्यांच्या नावापुढचं 'विसरतात' खोडून तिथे लिहिलं आहे: 'डाव्या बाजूला बसून बोला. मशीन सकाळी चहाआधी. सेल दर सोमवारी पाहणे. जबाबदारी: सकाळपाळीची मावशी.' पलंगाच्या डोक्याशी हीच पट्टी मोठ्या अक्षरांत चिकटवली आहे, म्हणजे रात्रपाळीला नवं कुणी आलं तरी चालतं. संध्याकाळच्या गोळीच्या वेळी मावशी आता दारातून हाक मारत नाहीत. आधी कूलरचं बटण खाली आणतात, मग आजींच्या डाव्या हाताला येऊन बसतात.